चंदगड तालुका वगळून

१९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यातले सातवे कलम नेसरीच्या माणसाने एकदा तरी वाचावे. मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात काय काय जाणार, हे त्या कलमात सांगितले आहे. विजापूर, धारवाड, उत्तर कानडा हे जिल्हे पूर्ण गेले. बेळगाव जिल्ह्याच्या नावापुढे मात्र कायद्याने एक सूट ठेवली : चंदगड तालुका वगळून. १ नोव्हेंबर १९५६ ला कायदा अमलात आला, चंदगड कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला आणि बाकीचा बेळगाव जिल्हा म्हैसूरकडे गेला.

आज कोल्हापूरच्या दक्षिण टोकाला महाराष्ट्राची जी हद्द दिसते, ती त्या एका सवलतीने ठरली. रणजित देसाईंचे कोवाड याच चंदगड तालुक्यातले. सवलत नसती तर कोवाडही म्हैसूर राज्यात गेले असते आणि नेसरी सीमेवरचे गाव झाले असते. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने चंदगड वेगळा काढला, कारण तालुका उघडच मराठी होता. पण चंदगडला लागून असलेली, तितकीच मराठी असलेली बेळगाव तालुक्यातली गावे तालुक्याच्या हद्दीपलीकडे होती, म्हणून ती गेली. शिनोळी महाराष्ट्रात राहिले, शेजारचे बाची कर्नाटकात गेले. दोन्हीकडची बोली एक, कुलदैवते एक, सोयरिकी एकमेकांत. मधून गेली ती महसुली कागदावरची एक रेघ.

समजा, नेसरी भागातल्या एका घरातल्या दोन बहिणी दिल्या आहेत, एक शिनोळीत आणि दुसरी बाचीत. असे घर शोधायला लांब जावे लागणार नाही. थोरलीला शेताचा सातबारा मराठीत मिळतो आणि तलाठ्याशी ती आपल्या भाषेत भांडू शकते. धाकटीच्या घरी येणारा उतारा कन्नडमध्ये, विजेचे बिल कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये. जमिनीच्या कागदावर नेमके काय लिहिले आहे हे कळायला तिला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. तिच्या मुलाची शाळा मराठी असेलही, पण पुढच्या इयत्तांसाठी मराठी तुकडी राहील की नाही, शिक्षक नेमला जाईल की नाही, हे दरवर्षी नव्याने ठरते. तिच्या नवऱ्याने मराठीतून कागद द्या म्हणून मोर्चा काढायचे ठरवले, तर जमावबंदीचा हुकूम निघतो. दोन्ही बहिणी एकाच देशाच्या नागरिक आहेत, एकाच घटनेखाली राहतात.

सीमाप्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, असे मला फार वर्षे वाटत आले आहे. एक नकाशाचा. दुसरा त्या धाकट्या बहिणीचा. नकाशाच्या प्रश्नाला आपण वकील दिले, आयोग मिळवला, विधिमंडळात ठराव केले. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला आणि महाराष्ट्राने तो नाकारला. २००४ मध्ये महाराष्ट्राने घटनेच्या १३१ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. डिसेंबर २०२२ मध्ये, महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो त्या ८६५ गावांसाठी, विधिमंडळाने पुन्हा एकमताने ठराव केला. धाकट्या बहिणीच्या प्रश्नाला मात्र कोणीच वकील दिला नाही. नकाशा बदलला की तिचे सगळे आपोआप सुटेल, असे सांगून तिला थांबवून ठेवले. नकाशा जेव्हा बदलायचा तेव्हा बदलो, तोवर तिच्या हक्कांनी थांबण्याचे काहीही कारण नाही, हे मला या लेखात ठासून मांडायचे आहे.

यासाठी युरोपकडे पाहणे उपयोगाचे आहे, कारण आपल्या बाची–शिनोळीसारख्या रेघा त्या खंडावर शेकड्याने आहेत. दोन महायुद्धांनंतर झालेल्या तहांनी तिथे माणसे जागेवर ठेवून सीमा त्यांच्या डोक्यावरून सरकवल्या.

दक्षिण टायरोलचे उदाहरण मला सगळ्यांत जवळचे वाटते. आल्प्समधला हा जर्मन भाषक मुलूख पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाचा होता. १९१९ च्या तहाने तो इटलीला मिळाला. मुसोलिनीच्या राजवटीने तिथल्या जर्मन शाळा बंद केल्या, गावांची आणि नद्यांची नावे इटालियन केली, कचेऱ्यांतून जर्मन हद्दपार केली. लोकांनी तळघरांत आणि माळ्यांवर चोरून शाळा चालवल्या. १९३९ मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांनी करार करून त्या लोकांपुढे दोनच वाटा ठेवल्या : घरदार सोडून जर्मनीत जा, नाहीतर राहा आणि इटालियन व्हा. हजारो कुटुंबे उठून गेली. दुसरे युद्ध संपल्यावर ऑस्ट्रियाला हा मुलूख परत हवा होता, पण तो मिळाला नाही. सप्टेंबर १९४६ मध्ये पॅरिसमध्ये इटलीचे दे गास्पेरी आणि ऑस्ट्रियाचे ग्रुबर यांच्यात करार झाला. सीमा आहे तिथेच राहणार, पण तिथल्या जर्मन भाषकांना मातृभाषेतून शाळा, कचेरीत भाषेची समानता आणि स्वायत्तता मिळणार, असे ठरले.

करार झाला म्हणजे प्रश्न सुटला, असे झाले नाही. इटलीने स्वायत्तता दिली ती शेजारच्या ट्रेंटिनोसह एक मोठा प्रदेश करून, म्हणजे जर्मन भाषक पुन्हा अल्पसंख्यच राहिले. १९५७ मध्ये हजारो लोक एका जुन्या किल्ल्यात जमले आणि ट्रेंटोपासून सुटका मागू लागले. १९६० मध्ये ऑस्ट्रियाने प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. १९६१ च्या जूनमधल्या एका रात्री विजेचे मनोरे स्फोटांनी उडवले गेले आणि पुढची काही वर्षे माणसेही मेली. मग पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि १९७२ मध्ये दुसरा स्वायत्तता कायदा आला. आज तिथे न्यायालयात जर्मन चालते, सरकारी नोकऱ्या भाषक गटांच्या प्रमाणात वाटल्या जातात, सरकारी नोकराला दोन्ही भाषांची परीक्षा द्यावी लागते आणि गावाच्या पाटीवर दोन्ही नावे असतात. १९९२ मध्ये ऑस्ट्रियाने वाद मिटल्याचे संयुक्त राष्ट्रांना कळवले. ती व्यवस्था निर्दोष नाही. जर्मन आणि इटालियन मुलांच्या शाळा वेगवेगळ्या आहेत आणि जनगणनेत स्वतःचा भाषक गट जाहीर करावा लागतो, याची तक्रार तिथले लोकच करतात. पण सीमा वीतभरही सरकली नाही आणि तरीही तिथल्या बाईला तिच्या जमिनीचा कागद तिच्या भाषेत मिळाला. ऑस्ट्रियाने तिच्या हक्कासाठी नकाशाच्या निकालाची वाट पाहिली नाही, म्हणून हे घडू शकले.

दक्षिण टायरोलचा प्रश्न दोन सरकारांनी सोडवला. युरोपने आणखी एक वाट काढली आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. ४ नोव्हेंबर १९५० ला रोममध्ये मानवी हक्कांच्या युरोपीय करारावर सह्या झाल्या. १९५३ मध्ये तो लागू झाला आणि पुढे फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात त्याचे न्यायालय उभे राहिले. आज ४६ देश त्याला बांधलेले आहेत. या कराराखाली एकटा, साधा माणूस स्वतःच्या सरकारला देशाबाहेरच्या न्यायालयात खेचू शकतो, आणि न्यायालयाने सरकारला दोषी ठरवले तर तो निकाल सरकारवर बंधनकारक असतो. या हक्काच्या आड देशाचे सार्वभौमत्व येऊ द्यायचे नाही, असे त्या देशांनी ठरवले. ज्या युद्धात सरकारांनीच आपल्या नागरिकांचे जीव घेतले, त्याच्या राखेतून हा शहाणपणा आला.

भाषेच्या बाबतीत या न्यायालयाचा पहिला मोठा खटला बेल्जियमचा. तो वाचताना बेळगाव आठवल्याशिवाय राहत नाही. १९६२–६३ च्या कायद्यांनी बेल्जियममध्ये डच आणि फ्रेंच भाषक भागांमध्ये पक्की भाषिक सीमा आखली. सीमेच्या डच बाजूला राहणाऱ्या फ्रेंच भाषकांना मुलांसाठी फ्रेंच शाळा मिळेनात. आठशेहून अधिक मुलांचे पालक स्ट्रासबर्गला गेले. २३ जुलै १९६८ ला निकाल लागला आणि तो त्यांना फारसा सुखाचा नव्हता. सरकारने पालकांना हव्या त्या भाषेत शिक्षण दिलेच पाहिजे, असा हक्क करारात नाही, असे न्यायालय म्हणाले. एका मुद्द्यावर मात्र आठ विरुद्ध सात मतांनी बेल्जियम दोषी ठरले. ब्रुसेल्सच्या भोवतीच्या सहा विशेष गावांतल्या फ्रेंच शाळांत, केवळ आईवडील दुसरीकडे राहतात म्हणून, मुलांना प्रवेश नाकारला जात होता. हा भेदभाव आहे, असे न्यायालयाने ठरवले.

निकाल अपुरा होता, हे मी लपवणार नाही. बेल्जियमची भांडणे त्यानंतरही चालू राहिली. व्होरेन नावाच्या गावांच्या समूहात निवडून आलेल्या फ्रेंच भाषक महापौराने डच येत असल्याचे सिद्ध करायला नकार दिला आणि त्या वादात १९८७ मध्ये देशाचे सरकार कोसळले. बेळगाव महापालिकेचे वाचकांना आठवत असेल. ऑक्टोबर २००५ मध्ये पालिकेने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला, पुढच्याच महिन्यात बेंगळुरूत महापौरांच्या तोंडाला काळे फासले गेले आणि मग पालिकाच बरखास्त झाली. दोन्हीकडचा राग सारखाच. पण बेल्जियमच्या त्या पालकांना दार ठोठावायला एक जागा होती आणि त्या दारामागे त्यांच्या मुलांचे म्हणणे ऐकून सरकारला जाब विचारणारे कोणी होते. २००१ मध्ये याच न्यायालयाने सायप्रसच्या प्रकरणात एक पाऊल पुढे टाकले. तुर्कस्तानच्या ताब्यातल्या उत्तर सायप्रसमध्ये ग्रीक भाषेतली प्राथमिक शाळा चालू ठेवून माध्यमिक वर्ग बंद केले होते. ज्या मुलांना ग्रीकमधून शिकवायला सुरुवात केली त्यांचे पुढचे शिक्षण बंद करणे म्हणजे शिक्षणाचा हक्कच नाकारणे, असे न्यायालयाने तुर्कस्तानला सांगितले. सीमाभागात पाचवीनंतर किंवा सातवीनंतर मराठी तुकडी मिटताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या निकालाचे मोल वेगळे समजावून सांगायला नको.

सभा आणि मोर्च्यांचे प्रकरण मला याहूनही जिव्हाळ्याचे आहे. १७ जानेवारी १९५६ ला बेळगावात गोळीबार झाला, माणसे मेली, आणि तेव्हापासून तो दिवस हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव साजरा करते, त्याच दिवशी महाराष्ट्र एकीकरण समिती काळा दिन पाळते. १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन झाले, तेव्हाही गोळ्या चालल्या. अलीकडची वर्षे पाहा. १७ जानेवारी २०२० ला महाराष्ट्राचे राज्यमंत्री राजेंद्र पाटील यड्रावकर हुतात्म्यांना अभिवादन करायला बेळगावात गेले. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेऊन परत पाठवले. डिसेंबर २०२२ मध्ये कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन बेळगावात असताना समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाकारली, जमावबंदी लावली आणि कोल्हापूरकडून निघालेल्या लोकांना कोगनोळीला अडवले. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा तेच झाले आणि नेत्यांना उचलले.

बल्गेरियात एका छोट्या संघटनेवर अशीच वेळ आली होती. आपण मॅसेडोनियन आहोत, असे म्हणणाऱ्या काही लोकांनी १९९४ ते १९९७ या काळात रोझेनच्या मठाजवळ, यानी सांदान्स्की या क्रांतिकारकाच्या कबरीपाशी, स्मरणसभा घेऊ पाहिल्या. सरकारने त्या वारंवार रोखल्या. ही मंडळी देशाची एकात्मता मोडू पाहतात, असा सरकारचा दावा होता. २ ऑक्टोबर २००१ ला स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने स्पष्ट सांगितले की एखादा गट स्वायत्तता मागतो, किंवा अगदी देशापासून वेगळे होण्याची मागणी करतो, एवढ्या कारणाने त्याची सभा आपोआप बंद करता येत नाही. लोकशाहीत राज्यघटनेच्या आणि सीमांच्या रचनेत बदल मागण्याची मुभा असते. हिंसेला चिथावणी असेल तर गोष्ट वेगळी.

हा निकाल बेळगावला लावून पाहावा. समिती देशापासून वेगळे होण्याची मागणी करत नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याची मागणी करते. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार आपल्याच घटनेच्या तिसऱ्या कलमाने संसदेला दिला आहे. म्हणजे समिती मागते ते घटनेत सांगितलेल्या रस्त्याने होऊ शकणारे काम आहे. अशी मागणी शांतपणे करणे गुन्हा कसा ठरतो? आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या प्रकरणात सांगितले आहे की जमावबंदीचे हुकूम लोकांचे वैध मत दाबण्यासाठी वापरता येत नाहीत, ते प्रसिद्ध केले पाहिजेत आणि धोक्याच्या प्रमाणात असले पाहिजेत. बेळगावात दर हिवाळ्याला निघणारा हुकूम या कसोटीवर एकदा तरी तपासून घेतला पाहिजे.

युरोपचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्याच बल्गेरियाने निकालानंतरही अनेक वर्षे त्या संघटनेची नोंदणी केली नाही आणि स्ट्रासबर्गला पुन्हा पुन्हा तेच सांगावे लागले. प्रादेशिक भाषांच्या १९९२ च्या युरोपीय सनदेला फ्रान्सने अजून मान्यता दिलेली नाही. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर २०२२ मध्ये त्याला या व्यवस्थेतून बाहेर काढावे लागले आणि तिथल्या माणसांपुढचे ते दार बंद झाले. भूमध्य समुद्रात बुडणाऱ्या निर्वासितांच्या बाबतीत त्या खंडाचे वागणे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पण आपल्याला युरोपचे मोठेपण घ्यायचे नाही. बळ नसलेल्या माणसाने बळ असलेल्या सरकारला जाब विचारायचा, ही रीत घ्यायची आहे.

ती रीत आपल्याकडे नाही, असेही नाही. घटनेचे ३२ वे कलम प्रत्येक नागरिकाला थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ देते आणि डॉ. आंबेडकरांनी त्याला घटनेचा प्राण मानले होते. अडचण दुसरीकडे आहे. भाषिक अल्पसंख्यांसाठी घटनेत १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने दोन कलमे आली. ३५० क सांगते की अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्यासाठी राज्याने प्रयत्न करावा. प्रयत्न करावा, एवढेच. ३५० ख खाली भाषिक अल्पसंख्यांसाठी आयुक्त नेमला जातो. तो चौकशी करतो आणि राष्ट्रपतींना अहवाल देतो. या आयुक्तालयाचे एक विभागीय कार्यालय खुद्द बेळगावात होते. अहवाल निघाले, त्यांत सीमाभागाच्या तक्रारी नोंदल्या गेल्या आणि ज्या सरकारविरुद्ध तक्रार होती त्याच्या मर्जीवर सगळे राहिले. एखाद्या भागात अल्पसंख्य भाषकांची संख्या १५ टक्क्यांहून जास्त असेल तर महत्त्वाचे कागद त्यांच्या भाषेत द्यावेत, हे केंद्र आणि राज्यांनी मान्य केलेले सूत्र आहे. ते पाळले नाही तर दंड कोणाला? कोणालाच नाही. भारताने १९७९ मध्ये नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारनाम्याला मान्यता दिली. त्याच्या २७ व्या कलमात भाषिक अल्पसंख्यांचा हक्क आहे. पण व्यक्तीला संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार नेऊ देणाऱ्या जोडकरारावर भारताने सही केलेली नाही. बाचीच्या धाकट्या बहिणीला बेल्जियमच्या आईइतके लांब जाता येत नाही ते या कारणाने.

आता आपल्या दाराशी येतो. हे सगळे लिहिताना महाराष्ट्राकडे पाहायचे टाळले, तर लेख अर्धा राहील.

ज्या महाजन आयोगाचा अहवाल आपण नाकारला, त्याने कर्नाटकाला द्यायला सुचवलेल्या भागांत अक्कलकोट होते, दक्षिण सोलापूर आणि जतमधली गावे होती, आणि आमच्या गडहिंग्लज तालुक्यातलीही काही गावे होती. त्या गावांत घरात कन्नड बोलली जाते, अगदी आजही. गडहिंग्लजच्या बाजारात आणि संकेश्वरच्या रस्त्यावर माणसे दोन्ही भाषांत भाव करतात आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही. प्रश्न येतो तो सरकारी कागदापाशी. जत आणि अक्कलकोटमधल्या कन्नड शाळांना शिक्षक वेळेवर मिळत नाहीत, ही तिथल्या पालकांची जुनी तक्रार आहे. जतच्या दुष्काळी गावांनी पाण्यासाठी वैतागून कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते, आणि २०२२ मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी त्याच ठरावांचा आधार घेऊन जतवर दावा सांगितला. त्या गावांना वेळेवर पाणी आणि कन्नड शिक्षक मिळाले असते, तर तो दावा सांगायला आधारच उरला नसता.

भाषेच्या सक्तीचेही तसेच आहे. कर्नाटकाने दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नडची अट घातली. महाराष्ट्रातही मराठी पाट्यांची सक्ती आहे आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यासाठी मुदत ठरवून दिली. राज्याची भाषा शाळेत सगळ्यांनी शिकावी, हे मला मान्य आहे. २००४ मध्ये उषा मेहता यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचा तो अधिकार उचलून धरला, ते योग्यच झाले. तोच अधिकार कर्नाटकालाही आहे. बाचीच्या मुलाने कन्नड शिकावे, उत्तम शिकावे. पण राज्याची भाषा शिकवणे आणि नागरिकाची भाषा हिरावून घेणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीसोबत उर्दू राहू दिली. त्या निकालाने महाराष्ट्रापुरता प्रश्न स्वच्छ केला : राज्यभाषेचा मान राखून लोकांच्या भाषेत लिहायला कायदा आडवा येत नाही. हाच न्याय बेळगावच्या पाटीला लागू करा, असे आपण कर्नाटकाला सांगू शकतो. पण मग तो अक्कलकोटच्या पाटीलाही लागू करावा लागेल.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ एका कन्नड वाहकाला बसमध्ये भाषेवरून मारहाण झाली. त्याचा राग म्हणून चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटीच्या चालकाला काळे फासले. दोन्ही राज्यांच्या गाड्या थांबल्या. कोल्हापूर, गडहिंग्लज, नेसरीकडची जी माणसे बेळगावच्या दवाखान्यात उपचाराला किंवा लेकीकडे निघाली होती, त्यांनी कोणाचे काय बिघडवले होते? त्याच वर्षी मीरा रोडला मराठी येत नाही म्हणून एका दुकानदाराला मारले, तेव्हा बेळगावच्या मराठी माणसाची बाजू आपणच कमजोर केली. उद्या बेळगावात कोणी तसेच केले, तर आपण कोणत्या तोंडाने हक्क सांगायचा?

एक आक्षेप मी अनेकांकडून ऐकला आहे, आणि तो प्रामाणिक आहे. कर्नाटकाकडे भाषेचे हक्क मागणे म्हणजे कर्नाटकाचा ताबा मान्य करणे, आणि त्यामुळे मूळ दावा पातळ होतो, असे सीमाभागातले जुने कार्यकर्ते म्हणतात. ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले, त्यांच्या शब्दाचा मी मान राखतो. तरीही हे मला पटत नाही. दक्षिण टायरोलच्या लोकांनी पन्नास वर्षे हक्क मागितले, म्हणून ऑस्ट्रियाचा त्यांच्याशी असलेला संबंध तुटला नाही. भाडेकरूने छत गळते म्हणून तक्रार केली, तर तो घराच्या मालकीचा वाद हरत नाही. उलट, सर्वोच्च न्यायालयात उभे राहून ‘आमच्या माणसांना तिथे त्यांच्या भाषेत कागद मिळत नाहीत, सभा घेता येत नाहीत’ असे पुराव्यासह सांगणे हाच दाव्याचा सर्वांत भक्कम आधार आहे. आणि हे हक्क मिळाले, तर एक आख्खी पिढी वाट पाहण्यात जाणार नाही. १९५६ ला जन्मलेले मूल आता सत्तरीला टेकले आहे.

नेसरी म्हटले की महाराष्ट्राला २४ फेब्रुवारी १६७४ आठवतो, खिंडीत पडलेले प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सोबती आठवतात. सीमाप्रश्नाच्या सभांत त्यांचे नाव घेतले की टाळ्या पडतात. त्या बलिदानाला मी मनापासून नमस्कार करतो. पण आज जे काम पुढे आहे, त्याला दुसऱ्या प्रकारची माणसे लागतात. कन्नडमध्ये आलेली प्रत्येक नोटीस जपून ठेवणारा शेतकरी लागतो. मराठी तुकडी बंद झाल्याची तारीख आणि पटसंख्या लिहून ठेवणारा शिक्षक लागतो. जमावबंदीच्या प्रत्येक हुकुमाविरुद्ध उच्च न्यायालयात उभा राहणारा वकील लागतो. स्ट्रासबर्गचे निकाल अशाच चिकाटीने जमवलेल्या कागदांवर उभे राहिले.

माझी मागणी म्हणून चार गोष्टींची आहे. भाषिक अल्पसंख्यांच्या आयुक्ताला केवळ अहवाल देणारा न ठेवता राज्यांना बांधील आदेश देणारा अधिकारी करा. ३५० क मधला प्रयत्न निदान प्राथमिक शाळेपुरता तरी हक्क करा. सर्वोच्च न्यायालयातला दावा चालू असताना, तो निकाली निघेपर्यंत वाट न पाहता, महाराष्ट्र आणि कर्नाटक यांनी दक्षिण टायरोलसारखा अंतरिम करार करावा : दोन्ही बाजूंच्या अल्पसंख्यांना त्यांच्या भाषेत कागद, त्यांच्या भाषेत शाळा आणि सभेचे स्वातंत्र्य. आणि कर्नाटक तयार नसेल, तर महाराष्ट्राने एकट्याने सुरुवात करावी. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जत आणि गडहिंग्लजमधल्या ज्या गावांत कन्नड भाषक १५ टक्क्यांहून जास्त आहेत, तिथे सातबारा, नोटिसा आणि रेशनचे कागद मराठीसोबत कन्नडमध्येही देण्याचा कायदा करावा, आणि तिथल्या प्रत्येक कन्नड शाळेला कन्नड शिक्षक नेमावा. तो कायदा आपल्या वकिलाने मग सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवावा आणि बेळगावसाठी तेवढेच मागावे. या चौथ्या गोष्टीसाठी दिल्लीची परवानगी लागत नाही, बेंगळुरूची संमती लागत नाही. विधानसभेत गडहिंग्लज, चंदगड, जत आणि अक्कलकोटचे प्रतिनिधी बसतात. त्यांना हे विधेयक मांडायला लावणे आपल्या हातात आहे, आणि ते येत्या अधिवेशनातच मांडले जावे.